डॉक्टरी शब्द आणि आपला ऊस



मध्यंतरी आपले एक सभासद गट ऑफिसात आले, ते उसाची नोंद द्यायला नव्हे, तर मोबाइलवर आलेला एक कागद दाखवायला. त्यांचा मुलगा तारापूर-बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, बिऱ्हाड सफाळ्याला. सूनबाईंना दिवस गेलेले. तिकडे गरोदर बाईचे रक्त तपासतात, तसे तपासले आणि कागदावर लिहून आले, ‘सिकलिंग पॉझिटिव्ह, पॅटर्न एएस’. मुलगा घाबरला, त्याने तो कागद बापाकडे पाठवला, आणि बापाने आमच्यापुढे धरला. म्हणाले, “पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं का वाईट, एवढंच सांगा.”

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण त्या कागदाच्या तळाला स्पष्ट लिहिलेले होते की, पतीचेही रक्त तपासून घ्यावे. वरच्या दोन शब्दांनीच सगळे घर इतके गांगरले होते की खालची ओळ कुणी वाचलीच नव्हती, आणि कामाची ओळ तर तीच होती. तेव्हा या अंकात अशा डॉक्टरी शब्दांचा थोडा उलगडा करावा असे ठरवले. हे शब्द दिसतात अगडबंब, पण सोलून पाहिले तर आत निघते ते आपल्या शेतातलेच काहीतरी. विळा निघतो, बेट निघते, मध निघतो, आणि ऊस तर हमखास निघतो.

प्रथम त्या ‘पॉझिटिव्ह’चे. व्यवहारात पॉझिटिव्ह म्हणजे चांगले, निगेटिव्ह म्हणजे वाईट. तपासणीच्या कागदावर तसे नसते. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘जे शोधले ते सापडले’ आणि निगेटिव्ह म्हणजे ‘सापडले नाही’, इतकेच. रोग शोधायला गेलो आणि निगेटिव्ह आले तर पेढे वाटावेत. रक्तगटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आणखी वेगळे, त्याचा रोगाशी काही संबंध नाही.

आता ‘सिकल’. सिकल म्हणजे विळा, ज्याला आपल्याकडे कुणी इळा म्हणतात. रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, बारीक नळीतूनही वाकून निघून जाते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, नळीत अडकते, मग सांधे दुखतात, अंगात रक्त राहत नाही. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या आणि त्या विळ्यासारख्या आहेत असे लिहिले. पुढे तेच नाव झाले. ‘अ‍ॅनिमिया’तला ‘अ’ हा आपल्या ‘अशक्त’मधल्या ‘अ’सारखाच नकाराचा, आणि ‘हायमा’ म्हणजे ग्रीक भाषेत रक्त. म्हणून अ‍ॅनिमिया म्हणजे रक्त नसणे, आपला रक्तक्षय.

राहिला ‘एएस’. प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन वाटे मिळतात. ‘ए’ म्हणजे चांगला वाटा, ‘एस’ म्हणजे विळ्याचा. ‘एएस’ म्हणजे एक चांगला, एक विळ्याचा. असा माणूस रोगी नव्हे, तो वाहक. तो सहसा सर्वांसारखे कष्ट करतो, त्याला कळतही नाही. ‘एसएस’ म्हणजे दोन्ही वाटे विळ्याचे, तो मात्र रुग्ण. नवरा-बायको दोघेही ‘एएस’ असले तर दर खेपेला चारात एक मूल ‘एसएस’ होण्याचा संभव असतो. एकच जण वाहक असेल आणि दुसरा ‘एए’, तर मूल फार तर वाहक होईल, रुग्ण होणार नाही. म्हणून नवऱ्याचे रक्त तपासायला सांगतात. सुनेला दोष देण्याचा इथे काही प्रश्न येत नाही. हा वाटा आदिवासी समाजांत अधिक आढळतो, पालघर, नंदुरबार, गडचिरोली हे आपल्या राज्यातले ठळक जिल्हे, पण इतर समाजांतही तो सापडतो. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. आपल्या तोडीच्या टोळ्यांतही नंदुरबारकडची माणसे असतात, त्यांच्या अड्ड्यावर हे दोन शब्द कुणी समजावून सांगितले तर फार बरे होईल.

यात एक गंमत आहे. ‘एएस’ असलेल्या माणसाला मलेरिया जिवावर बेतेल इतका सहसा होत नाही, त्यामुळे जिथे मलेरियाचा जोर तिथेच हा वाटा टिकून राहिला असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि ‘मलेरिया’ शब्दाचा अर्थ काय, तर इटालियन भाषेत ‘खराब हवा’. दलदलीच्या वाईट वाऱ्याने ताप येतो असा तिकडच्या लोकांचा समज होता. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात त्याचा जंतू पाहिला आणि हवेवरचा आळ गेला, नाव मात्र तसेच राहिले. आपला ‘हिवताप’ हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटतो. हीव भरते आणि ताप येतो, जे दिसते ते सांगितले, कारणाचा उगाच तर्क केला नाही.

आता आपल्या घरच्या शब्दाकडे वळू. गावात हल्ली कुणी “मला मधुमेह आहे” असे म्हणत नाही, “शुगर आहे” म्हणतात. ही शुगर मुळात कोण? संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे खडे, बारीक रेव. सुश्रुताने लघवीतून पडणाऱ्या रेवेलाही शर्कराच म्हटले आहे. उसाचा रस आटवून जे खडे खडे उरले त्यांनाही तेच नाव पडले. आपल्याकडे त्याची ‘साखर’ झाली. इराणात गेली ती ‘शकर’, अरबस्तानात ‘सुक्कर’, तिथून युरोपात लॅटिन-फ्रेंच वळणे घेत इंग्रजीत ‘शुगर’. म्हणजे आपलाच शब्द सारी दुनिया फिरून, साहेबी टोपी घालून, रोगाचे नाव होऊन परत घरी आला. ‘खांडा’चेही तसेच, खंड, मग फारसी कंद आणि शेवटी मुलांच्या हातातली ‘कँडी’.

ग्रीक लोकांनी याच शर्करेचे ‘सॅक्करॉन’ केले. उसाचे शास्त्रीय नाव ‘सॅकरम ऑफिसिनॅरम’, ते लिनियस या स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली दिले. त्यातल्या ‘ऑफिसिनॅरम’चा ऑफिसाशी संबंध लावून हसू नका. ऑफिसिना म्हणजे कामाची जागा, कोठी, आणि पुढे औषधे तयार करून विकण्याची जागा. ज्या वनस्पती औषधाच्या दुकानात मिळत त्यांना हे बिरुद लागे. युरोपात साखर एके काळी गांधी-वैद्यांच्या दुकानातूनच, औषध म्हणून, तोळ्यामाशाने मिळत होती. १८७९ साली अमेरिकेत फाहलबर्ग नावाच्या रसायनज्ञाला प्रयोगशाळेत एक फार गोड पदार्थ सापडला, त्याला त्याने ‘सॅकरिन’ नाव दिले. त्यात साखर कणभरही नाही, नाव मात्र साखरेचे. असे नाव वापरल्याबद्दल ऊस उत्पादकांना काही स्वामित्वधन मिळायला हवे होते, पण ते असो.

‘डायबेटिस’ हाही ग्रीक शब्द, अर्थ ‘आरपार जाणारा’. एका बाजूने पाणी प्यावे आणि दुसऱ्या बाजूने तसेच निघून जावे. पाटातले पाणी सायफनने काढताना कसे अखंड वाहते, तसे. ‘मेलिटस’ म्हणजे मधासारखे गोड. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी या रोग्याची लघवी गोड असते असे नमूद केले. आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते. ‘मिह्’ या धातूचा अर्थ ओतणे, मूत्र सोडणे, त्यावरून ‘मेह’ (आणि पाऊस ओतणारा तो ‘मेघ’ही त्याच घरातला). चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. त्यांत एक मधुमेह आहे आणि दुसरा चक्क इक्षुमेह, म्हणजे मूत्र उसाच्या रसासारखे गोड होणे. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात हेही चरकाने टिपून ठेवले आहे. प्रयोगशाळा नसताना मुंगीकडून तपासणी करून घेणारी ती माणसे होती.

लॅटिनमध्ये मधाला ‘मेल’ म्हणतात. मेलिटसमध्ये तो आहे आणि आपल्या कारखान्याच्या टाकीतल्या ‘मोलॅसिस’मध्येही तोच. पोर्तुगीजांनी मळीला मधासारखी म्हणून ‘मेलासो’ म्हटले, त्याचे इंग्रजांनी मोलॅसिस केले. मळीच्या वासाने नाक धरणाऱ्या पाहुण्यांना हे जरूर सांगावे.

‘इन्सुलिन’ म्हणजे बेटातले. सफाळ्याच्या जवळ वैतरणेच्या खाडीत वाढीव नावाचे बेट आहे, चारी बाजूंनी पाणी आणि मधे वस्ती. आपल्या स्वादुपिंडातही पेशींची अशीच लहान लहान बेटे असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली ती पहिल्यांदा दाखवली. लॅटिनमध्ये बेट म्हणजे ‘इन्सुला’, म्हणून त्या बेटांतून पाझरणारा रस तो इन्सुलिन. १९२१-२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी तो वेगळा काढला, आणि १९२२ च्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचला. त्यापूर्वी अशा मुलांचे मरण ठरलेलेच असे.

आता जे दोन शब्द ओळखले नाहीत तर माणूस दगावू शकतो, त्यांच्याकडे येऊ. ‘हायपो’ आणि ‘हायपर’. ऐकायला जुळे भाऊ, अर्थ उलटे. हायपो म्हणजे खाली, हायपर म्हणजे वर. ‘ग्लायसेमिया’त ‘ग्लाय’ म्हणजे गोड आणि ‘एमिया’ म्हणजे तेच रक्त, अ‍ॅनिमियातले. म्हणजे हायपरग्लायसेमिया झाला तर रक्तात साखर फार, आणि हायपोग्लायसेमिया झाला तर फार कमी. शुगरवाल्याला साखर वर्ज्य, एवढेच घरच्यांना पाठ असते. आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा, सकाळी गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचले, आणि न्याहारी न करताच लाइट आली म्हणून मोटर चालू करायला मळ्यात गेले. दारे धरता धरता अकरा वाजले. अंगाला दरदरून घाम, हातपाय कापतात, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणे असंबद्ध. लोक म्हणतात ऊन लागले, कुणी म्हणतो सकाळीच घेऊन आला वाटतं. तो असतो हायपो. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की हे सुरू होते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर पाण्यात तीन-चार चमचे साखर घालून ताबडतोब द्यावी. गूळ चालेल, उसाचा रस चालेल. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि सावरल्यावर भाकरी खायला घालावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नये, ते श्वासनळीत जाते. सरळ गाडीत घालून दवाखाना गाठावा आणि तिथे शुगरचा पेशंट आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. “त्याला साखर चालत नाही” म्हणून हातातला पेला काढून घेणारे आप्त असतात. त्यांची माया खरी, पण त्या घटकेला साखर हेच औषध असते. गोळ्या चालू असणाऱ्या सभासदांनी बंडीच्या खिशात साखरेची पुडी ठेवावी. साखर कारखान्याच्या सभासदाकडे एवढी साखर निघायला हरकत नाही.

कागदावरचे आणखी दोन शब्द. ‘फास्टिंग’ म्हणजे उपाशीपोटी, आठ तास काही न खाता. चहा घेऊन गेलात तर ते फास्टिंग राहत नाही, मग तो अर्धा कप असो. दोनदा तपासून आकडा १२६ वा त्यावर आला तर मधुमेह धरतात. ‘पीपी’ म्हणजे ‘पोस्ट प्रँडियल’, जेवणानंतरचे. प्रँडियम म्हणजे लॅटिनमध्ये जेवण. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी रक्त द्यायचे. ‘एचबीएवनसी’ची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड बंद करून तिला फसवता येत नाही.

ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, सलाईन यांत तर आपल्या लॅबचे केमिस्टच मास्तर व्हायला हवेत. ‘ग्लुकोज’ हे नाव १८३८ साली फ्रान्समध्ये गोड द्राक्षरसाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले. ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा. एका खास प्रकारचा प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला की तो वळतो. ग्लुकोज त्याला उजवीकडे वळवते म्हणून ते डेक्स्ट्रोज. ग्लुकोज आणि डेक्स्ट्रोज एकच, नावे दोन. फळातली साखर डावीकडे वळवते. आपल्या उसाची साखर उजवीकडे वळवते, आणि किती वळवली ते मोजून रसात साखर किती हे ठरवतात. लॅबमध्ये ज्याला ‘पोल’ म्हणतात तो हाच, पोलरायझेशनचा तुकडा. ‘ब्रिक्स’ मात्र माणसाचे नाव आहे, अडॉल्फ ब्रिक्स या जर्मन गृहस्थांचे. रसात विरघळलेला एकूण माल ब्रिक्सने कळतो, आणि त्यात खरी साखर किती हे पोलने.

ऊस तुटून फडात पडून राहिला की त्यातली साखर मोडते आणि तिचे ग्लुकोज व फळसाखर असे दोन तुकडे होतात. फळसाखरेचा डावा ओढा जोरदार, त्यामुळे उजवीकडे वळणारा प्रकाश उलटा डावीकडे वळू लागतो. हा जो उलटा फेर, त्यालाच ‘इन्व्हर्शन’ म्हणतात. शिळ्या उसाने रिकव्हरी पडते असे शेतकी खाते सांगते तेव्हा कुणी ते थापेत काढू नये. ती मोडलेली साखर पोत्यात येत नाही, मळीत जाते. आणि उसाचा दर रिकव्हरीवर बांधलेला असतो.

‘सलाईन’ हा शब्द मिठावरून आला, लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ. खरे सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. आपण मात्र दांडीला लटकलेल्या कुठल्याही बाटलीला सलाईन म्हणतो. त्यातली एखादी बाटली डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्याची असते. अशक्तपणा वाटतो म्हणून “एक सलाईन लावा” असा हट्ट धरणाऱ्यांनी निदान आपल्याला शुगर असेल तर ती आधी सांगावी. कुठली बाटली कुणाला लावायची ते डॉक्टरांना कळते, पण सांगितल्याशिवाय नव्या डॉक्टराला तुमचा आजार कसा कळणार?

मराठीत या शब्दांना पर्याय काढण्याचे काम जुने आहे. १९६० साली राज्य सरकारचे भाषा संचालनालय निघाले, त्याने परिभाषा कोश तयार केले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान सांगते आहे. काही शब्द लोकांनी उचलले, काही कोशातच राहिले. ‘क्ष-किरण’ आम्हांला फार आवडतो. राँटजेन यांना १८९५ साली जे किरण सापडले ते काय आहेत हे त्यांनाच ठाऊक नव्हते, म्हणून बीजगणितातल्या अज्ञात संख्येचे अक्षर त्यांनी किरणांना दिले, एक्स. आपल्या बीजगणितातला अज्ञात ‘क्ष’, म्हणून क्ष-किरण. भाषांतर असावे तर असे. ज्या तारापूरला १९६९ साली अणुवीज तयार होऊ लागली तिथल्या पाटीवरचा ‘किरणोत्सर्ग’ हाही शब्द तसाच, किरण बाहेर पडणे, फोड केली की कळते.

‘लस’ मात्र कुणी कोशात बसून घडवली नाही. फोडातून जे पातळ पाणी पाझरते ती लस. पूर्वी देवी काढताना एकाच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्याच्या दंडावर लावत, तेच नाव पुढे साऱ्या टोचण्यांना मिळाले. इंग्रजीतली ‘व्हॅक्सिन’ गाईवरून आली. व्हॅका म्हणजे गाय, आणि जेन्नर यांनी १७९८ साली गाईच्या देवीवरून ही युक्ती जगापुढे मांडली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस दिली गेली.

शेवटी पावसाळ्यातला शब्द, ‘लेप्टो’. पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. ‘लेप्टॉस’ म्हणजे बारीक, ‘स्पायरा’ म्हणजे पीळ. मळसूत्रासारखा बारीक पिळाचा हा जंतू. त्याचे एक टोक वाकलेले असते, म्हणून एका जातीला ‘इंटरोगन्स’ म्हणतात, म्हणजे प्रश्न विचारणारा. सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रश्नचिन्हासारखा दिसतो. तो उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात येतो आणि आपल्या पायाच्या भेगेतून, हाताच्या कापल्यातून आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याने बळी घेतले. सफाळे-पालघरकडे भाताच्या खाचरात दिवसभर उभे राहणाऱ्यांना त्याचा धोका, तसाच आपल्याला उसात. ऊस आणि उंदीर यांची सोबत आम्ही सांगायला नको. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये १९३० नंतरच्या काळात ऊसतोड कामगारांत ही साथ पसरली. त्यांनी १९३५ साली संप केला. मागणी पगाराची नव्हती, फड पेटवून उंदीर घालवल्याशिवाय तोड करणार नाही अशी होती. (आपल्याकडे जळका ऊस कापून येतो ते फड पेटवणे वेगळे. त्याची कारणे वेगळी, त्यात नुकसान आपलेच.)

या आजारात एकाएकी ताप भरतो, डोके दुखते, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते. सुरुवातीला औषध मिळाले तर साध्या प्रतिजैविकाने माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे जातात. हा ताप पाण्यात उभे राहिल्यानंतर साधारण दोन दिवस ते चार आठवड्यांत कधीही येतो, त्यामुळे तोपर्यंत ते पाणी आपण विसरलेले असतो. म्हणून पावसाळ्यात किंवा तोडीच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नये. “मी इतक्या दिवसांपूर्वी चिखलात होतो, पायाला जखम होती, फडात उंदीर आहेत,” हे आपणहून सांगावे. गमबूट आणि हातमोजे घालावेत, जखम झाकून मगच पाण्यात उतरावे, आणि टोळीतल्या माणसांनाही तसे करायला लावावे.

ज्या सभासदांच्या घरी असा एखादा न उलगडणारा कागद आला असेल त्यांनी त्यावरचा शब्द चिठ्ठीवर उतरवून गट ऑफिसात द्यावा, नाव लिहिण्याची गरज नाही. जे शब्द येतील त्यांचे अर्थ डॉक्टरांना विचारून पुढील अंकांत छापू.